जिवंतपणी दिलेला खांदा

इंग्रजी 'काउन्सेलिंग'साठी मराठीने 'समुपदेशन' हा शब्द घडवला आणि तो रुग्णालयांच्या पाट्यांपासून धर्मग्रामातील विवाहपूर्व शिबिरांपर्यंत सर्वत्र रुळला. शब्द भारदस्त आहे. परंतु त्याच्या पोटात 'उपदेश' दडून बसला आहे, हे नजरेआड करता येत नाही. विवाहोत्सुक तरुणांना, परीक्षेत अपयशी ठरलेल्या मुलाला किंवा व्यसनात गुरफटलेल्या गृहस्थाला उपदेशाचा थोडाफार उपयोग होतही असेल. ज्याच्या हाती आता काही आठवडे किंवा काही दिवसच उरले आहेत, त्याला मात्र कोणी कसला उपदेश करावा? तो ज्या वाटेला लागला आहे, त्या वाटेने उपदेशक स्वतः कधी गेलेला नसतो.

हा प्रश्न वैद्यकाचा आणि धर्मसेवेचा आहे, तसाच तो साहित्याचाही आहे. मरणाऱ्या माणसाच्या खोलीत काय घडते, हे आपल्याला बाहेरून कळत नाही. दार लोटलेले असते, आवाज दबलेले असतात आणि आत जाऊन आलेला माणूस बाहेर येताच विषय बदलतो. त्या खोलीत निर्भयपणे शिरून बसण्याचे धैर्य काही मोजक्या कलाकृतींनी आणि ग्रंथांनी दाखवले आहे. त्यांपैकी तीन आम्ही येथे विचारासाठी घेतल्या आहेत : लेव टॉलस्टॉय यांची 'इव्हान इलिचचा मृत्यू' ही दीर्घकथा (१८८६), डॉ. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांचा 'ऑन डेथ अँड डाइंग' हा ग्रंथ (१९६९) आणि हृषीकेश मुखर्जी यांचा 'आनंद' हा हिंदी चित्रपट (१९७१). तिघांची जातकुळी वेगळी. एका पंक्तीत त्यांना बसवणे काहींना विचित्र वाटेल. परंतु मरणाऱ्याजवळ कोण बसले आणि बसून त्याने काय केले, हा एकच प्रश्न या तिन्ही कृतींना विचारता येतो. त्या कसोटीवर त्यांचे मोठेपण दिसते, तशाच त्यांच्या उणिवाही दिसतात.

(१)

टॉलस्टॉय यांची कथा नायकाच्या मृत्यूनंतर सुरू होते. न्यायालयातील सहकाऱ्यांना इव्हान इलिचच्या निधनाची बातमी वर्तमानपत्रातून कळते आणि प्रत्येकाच्या मनात पहिला विचार येतो तो रिकाम्या झालेल्या जागेचा, तिच्यामुळे होणाऱ्या बदल्यांचा व बढत्यांचा. सांत्वनाला गेलेल्या मित्राला विधवा पत्नी बाजूला घेते आणि सरकारी तिजोरीतून अधिक रक्कम कशी मिळवता येईल, याची चौकशी करते. मग लेखक मागे वळून पंचेचाळीस वर्षांचे एक सुरळीत, प्रतिष्ठित, रितीला धरून जगलेले आयुष्य आपल्यासमोर मांडतो. नव्या घरातील पडदा कसा लावायचा हे कारागिराला दाखवताना इव्हान इलिच शिडीवरून घसरतो आणि त्याच्या कुशीला मार बसतो. एवढ्याशा निमित्ताने मरण घरात शिरते.

या कथेतील वैद्य आम्हाला विशेष अभ्यसनीय वाटतो. आपले दुखणे धोक्याचे आहे काय, एवढेच इव्हान इलिचला जाणून घ्यायचे असते. वैद्याला मात्र हा प्रश्नच अप्रस्तुत वाटतो. मूत्रपिंड की आतडे, एवढाच वाद त्याला महत्त्वाचा. न्यायाधीश म्हणून आपण आरोपीकडे ज्या तटस्थ तोऱ्याने पाहत आलो, त्याच तोऱ्याने आज वैद्य आपल्याकडे पाहतो आहे, हे रुग्णाच्या ध्यानी येते. एका व्यवसायाने दुसऱ्याला दाखवलेला हा आरसा आहे आणि तो आजही धूसर झालेला नाही. तपासण्यांचे कागद वाढले, यंत्रे वाढली. पण 'मी यातून उठेन काय?' या प्रश्नावर नजर कागदाकडे वळवण्याची रीत तीच राहिली.

परंतु कथेचे मर्म वैद्यात नाही. ते घरात आहे. इव्हान इलिचला वेदनांहून अधिक छळते ते सभोवतालचे खोटे. तो मरतो आहे हे सर्वांना ठाऊक असते, त्यालाही ठाऊक असते. तरी तो केवळ आजारी आहे आणि पथ्य पाळले म्हणजे बरा होईल, असे नाटक सारे घर वठवत राहते. त्याहून वाईट म्हणजे त्यालाही त्या नाटकात भूमिका करावी लागते. टॉलस्टॉय यांनी येथे फार मोठे सत्य पकडले आहे. रुग्णापासून सत्य लपवले की आपण त्याचे दुःख हलके करतो, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात आपण त्याला एकटे पाडतो. ज्याच्याशी खरे बोलता येत नाही अशा माणसांनी भरलेली खोली रिकाम्या खोलीहून अधिक एकाकी असते.

त्या खोलीत खोटे न बोलणारा एकच माणूस आहे : गेरासिम, घरचा तरुण खेडवळ नोकर. रुग्णाचे मलपात्र उचलून नेणे हे त्याचे काम. ते तो कपाळाला आठी न घालता करतो. पाय उंच धरले की रुग्णाला बरे वाटते, म्हणून तो पायथ्याशी बसून धन्याचे पाय आपल्या खांद्यावर घेतो आणि तासन् तास तसाच बसून राहतो. सर्वांनाच एक दिवस मरायचे आहे, मग आज थोडे कष्ट घ्यायला काय हरकत, अशा अर्थाचे तो सहज बोलून जातो. त्यात ना दया मिरवणे आहे, ना तत्त्वज्ञान. आपल्याकडे माणूस गेल्यावर खांदा द्यायला सारा गाव लोटतो. गेरासिमने खांदा दिला तो जिवंतपणी. साऱ्या कथेत गेरासिमच्या तोंडी मोजकीच वाक्ये आहेत आणि तरीही कथा वाचून मिटल्यावर त्याचाच आवाज मनात राहतो, हे टॉलस्टॉय यांचे कलावंत म्हणून यश आहे.

या यशाला एक बाजू मात्र उणी आहे. गेरासिम तरुण आहे, सशक्त आहे आणि या मरणात त्याचे स्वतःचे काहीही हरपणार नाही. तो थकत नाही, चिडत नाही, रात्री उठून रडत नाही. वास्तवातील घरांत पायथ्याशी बसते ती बहुधा पत्नी, मुलगी किंवा सून. तिची झोप झालेली नसते, पदरची पुंजी संपत आलेली असते आणि जाणारा माणूस तिचाच असतो. इव्हान इलिचची पत्नी प्रास्कोव्या फ्योदोरोव्हना हिला टॉलस्टॉय यांनी फार कठोरपणे रंगवले आहे. पतीच्या अखेरच्या तीन दिवसांच्या किंकाळ्या आपण कशा सोसल्या हे ती पाहुण्याला सांगते, तेव्हा लेखक तिच्या आत्मकेंद्रितपणाचे माप तिच्या पदरात घालतो. आम्हाला येथे लेखकाशी मतभेद नोंदवावासा वाटतो. ती बाई दांभिक असेल. पण त्या किंकाळ्या तिने खरोखरच ऐकल्या होत्या. तिच्याजवळ कोणी बसले काय, हा प्रश्न टॉलस्टॉय विचारत नाहीत. मरणाऱ्याला आधार हवा, तसाच आधार देणाऱ्यालाही हवा, हे या थोर कथेच्या दृष्टीतून निसटले आहे.

(२)

कथेच्या अकराव्या प्रकरणातील धर्मगुरूच्या भेटीचा प्रसंग आपल्या वाचकांनी थांबून वाचावा असा आहे. टॉलस्टॉय यांचे चर्चशी नाते पुढे किती बिघडले ते सर्वश्रुत आहे. १९०१ साली रशियन ऑर्थोडॉक्स चर्चने त्यांना बहिष्कृत ठरवले. त्यामुळे या प्रसंगात धर्मसंस्काराची टर उडवली आहे, असे मानण्याकडे कल होतो. मजकूर बारकाईने वाचला तर तसे दिसत नाही. पत्नीच्या आग्रहावरून इव्हान इलिच धर्मगुरूला येऊ देतो, पापनिवेदन करतो आणि त्याचे मन मृदू होते. शंकांचे ओझे हलके झाल्यासारखे वाटून वेदनाही क्षणभर निवते. ख्रिस्तप्रसाद स्वीकारताना त्याच्या डोळ्यांत पाणी येते. म्हणजे संस्कार निष्फळ ठरलेला नाही. घात होतो तो नंतर. पत्नी अभिनंदन करायला येते आणि आता बरे वाटते ना, असे विचारते. तिच्याकडे न पाहता तो 'हो' म्हणतो. त्या एका 'हो'बरोबर सारे खोटे पुन्हा खोलीत शिरते आणि त्यानंतर तीन दिवस न थांबणारा आक्रोश सुरू होतो.

या प्रसंगाचा आमच्या मते अर्थ असा की, संस्कारातील सत्य आणि घरातील असत्य एका खोलीत नांदू शकत नाहीत. हे विधान आपल्या धर्मग्रामांनाही लागू पडते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालच्या उपासनाविषयक संविधानात 'अंत्याभ्यंग' या नावाऐवजी 'रुग्णांचा तैलाभ्यंग' हे नाव अधिक उचित ठरवले आणि पोप पॉल सहावे यांनी १९७२ साली त्याचा विधी नव्याने घालून दिला. हा संस्कार शेवटच्या श्वासासाठी राखून ठेवायचा नाही, तर आजारपणामुळे किंवा वार्धक्यामुळे जिवाला धोका निर्माण होऊ लागताच तो घ्यावा, हा त्यामागील हेतू. कित्येक घरांत मात्र आजही 'फादरांना बोलावले तर आजारी माणूस घाबरेल' या सबबीवर तो शुद्ध हरपेपर्यंत लांबवला जातो. मग ज्याच्यासाठी प्रार्थना म्हटली जाते, त्याला ती ऐकू येत नाही. रोझरीच्या पाच रहस्यांत पन्नास वेळा आपण पवित्र मरियेकडे मरणसमयीच्या साहाय्याची याचना करतो; आणि ती घटका खरोखरच उंबरठ्याशी आली की घरात तो शब्द उच्चारायला बंदी होते! इव्हान इलिचच्या पत्नीवर हसण्यापूर्वी आपण आपल्या ओसरीवरचे संवाद एकदा आठवून पाहावेत.

कथेचा शेवट संवादाने होत नाही, स्पर्शाने होतो. आक्रोश करीत हात झाडणाऱ्या बापाचा हात शाळकरी मुलाच्या डोक्यावर पडतो. मुलगा तो हात धरतो, ओठांशी नेतो आणि रडू लागतो. त्या क्षणी मरणाऱ्याला स्वतःचा विसर पडतो आणि त्याला मुलाची कीव येते, मग पत्नीचीही. क्षमा मागायला निघालेला शब्द तोंडातून चुकीचाच बाहेर पडतो. पण ज्याला कळायला हवे त्याला कळेल, या भरवशाने तो दुरुस्त करीत नाही. मरणाच्या जागी त्याला प्रकाश दिसतो. ज्याला आपण केवळ घेणारा समजतो, तो मरणारा माणूस येथे देणारा होतो. त्याला देण्याची संधी मिळाली, कारण एका मुलाने आपले रडणे त्याच्यापासून लपवले नाही.

(३)

टॉलस्टॉय यांच्या कथेनंतर त्र्याऐंशी वर्षांनी डॉ. क्युब्लर-रॉस यांचा ग्रंथ आला. १९६५ साली शिकागो येथे ईशज्ञानाचे चार विद्यार्थी मानवी जीवनातील अरिष्टांवरील अभ्यासासाठी साहाय्य मागायला या स्विस मनोविकारतज्ज्ञ बाईंकडे गेले आणि मृत्यू हेच सर्वांत मोठे अरिष्ट असे ठरून काम सुरू झाले. त्याबद्दल कोणाला विचारावे? मरणाऱ्यांनाच विचारावे, असे बाईंनी ठरवले. रुग्णालयात चौकशी केली, तेव्हा आपल्या विभागात मरणारे कोणीच नाही, अशी उत्तरे त्यांना डॉक्टरांकडून मिळाली. टॉलस्टॉय यांनी रशियातील एका घरात दाखवलेले खोटे येथे अमेरिकेतील आधुनिक रुग्णालयात संस्थेचे रूप घेऊन बसले होते. तरीही दोनशेहून अधिक रुग्णांशी त्या बोलल्या आणि त्या मुलाखतींतून हा ग्रंथ उभा राहिला.

ग्रंथाचे वाङ्मयीन रूप लक्षणीय आहे. प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर रवींद्रनाथ टागोरांच्या ओळी आहेत. पुढे प्रत्यक्ष मुलाखती प्रश्नोत्तरांच्या स्वरूपात छापल्या आहेत. रुग्ण रागावतात, विषयांतर करतात, विनोद करतात, मध्येच गप्प होतात. हे सारे लेखिकेने पुसून टाकलेले नाही. वैद्यकाच्या पुस्तकात रुग्ण हा आजवर 'केस' होता. येथे तो शिक्षक झाला. आमच्या मते हेच या ग्रंथाचे खरे योगदान होय.

लोकांच्या लक्षात मात्र राहिल्या त्या पाच अवस्था : नकार, संताप, सौदेबाजी, विषण्णता आणि स्वीकार. कोणत्याही समृद्ध ग्रंथाचे एका यादीत रूपांतर झाले की त्याची हानी होते. तशी ती येथे झाली. पाच अवस्थांचा जिना झाला. आजारी माणूस कोणत्या पायरीवर उभा आहे, हे शोधणारे मदतनीस तयार झाले आणि 'स्वीकार' ही जणू उत्तीर्ण होण्याची पायरी ठरली. वास्तविक या अवस्था एकमेकींत मिसळतात, एकाच वेळी नांदतात, हे ग्रंथातच नमूद आहे. त्यांच्यानंतर आशेवर एक स्वतंत्र प्रकरणही आहे; आशा अखेरपर्यंत माणसाला सोडत नाही, असे त्याचे सार. ते प्रकरण फारसे कोणी उद्धृत करीत नाही. पुढील काळातील संशोधनातही असा ठराविक क्रम सर्वांच्या बाबतीत आढळून आला नाही. लेखिका स्वतः १९९५ नंतर पक्षाघाताच्या झटक्यांमुळे परावलंबी झाल्या आणि २००४ साली निवर्तल्या. डेव्हिड केसलर यांच्यासह लिहिलेले त्यांचे शेवटचे पुस्तक २००५ साली प्रसिद्ध झाले, त्यात या अवस्थांचा चुकीचा अर्थ लावला गेल्याची खंत आहे.

तरीही सारा दोष वाचकांवर ढकलणे आम्हाला न्याय्य वाटत नाही. प्रकरणांची मांडणीच अशी आहे की वाचकाला जिना दिसावा. एकीकडे अस्ताव्यस्त, जिवंत मुलाखती आणि दुसरीकडे नीटनेटकी शीर्षके, असा ताण ग्रंथभर जाणवतो आणि अखेर शीर्षके जिंकतात. ज्याला हा ग्रंथ वाचायचा असेल, त्याने शीर्षकांवर बोट ठेवून मुलाखतीच वाचाव्यात. संताप ही 'दुसरी अवस्था' म्हणून पाहिली की रुग्णाच्या संतापाचे कारण ऐकण्याची गरज उरत नाही. कदाचित तो तीन तास पाणी मागत असेल!

(४)

'आनंद' हा तर आपल्या घराघरांत पोहोचलेला चित्रपट. त्यात मुंबई आहे, रमेश देव व सीमा देव यांनी रंगवलेले कुलकर्णी दांपत्य आहे आणि ललिता पवारांची शिस्तप्रिय मेट्रन डिसा आहे. हिंदी चित्रपटातील ख्रिस्ती व्यक्तिरेखा बहुधा दारूच्या बाटलीभोवती फिरतात. त्या काळात ही परिचारिका मानाने उभी केली, हे आपल्या समाजाने कृतज्ञतेने नोंदवावे.

येथे टॉलस्टॉय यांचे जग उलटे झाले आहे. रुग्णाला सारे ठाऊक आहे आणि ते त्याने पचवले आहे. पचत नाही ते डॉक्टर भास्कर बॅनर्जीला. त्यामुळे मरणारा आनंदच सर्वांचा समुपदेशक होतो. तो हसवतो, माणसे जोडतो, कोरड्या डॉक्टरला बोलते करतो. राजेश खन्ना आणि अमिताभ बच्चन यांच्या अभिनयाबद्दल नव्याने सांगण्यासारखे काही नाही. परंतु या गोड चित्रपटाने आपल्यावर एक सूक्ष्म अन्याय केला आहे, असे आम्हाला वाटते. मरणाऱ्याने कसे असावे, याचा एक आदर्श त्याने घालून दिला : सदा हसतमुख, कोणालाही भार न होणारा, दुःख खिशात ठेवून इतरांचे डोळे पुसणारा. आजाऱ्याच्या खोलीत जाऊन आपण 'हिंमत ठेवा, हसत राहा' असे म्हणतो, तेव्हा नकळत आपण त्याच्याकडे आनंदची भूमिका मागत असतो. आधीच थकलेल्या माणसाला पाहुण्यांची करमणूक करण्याचे आणखी एक काम आपण लावतो. मग त्याने रडावे कोणापाशी?

चित्रपट मात्र आपल्या चाहत्यांपेक्षा अधिक जाणता आहे. त्याच्या शेवटाकडे नीट पाहिले पाहिजे. अखेरच्या क्षणी आनंद भास्करला हाक मारतो, तेव्हा भास्कर तेथे नसतो. तो औषध आणायला गेलेला असतो. तो परततो तेव्हा सारे संपलेले असते आणि उरतो तो ध्वनिफितीवरचा आवाज. आपण त्या आवाजाने गहिवरतो आणि त्या अनुपस्थितीकडे दुर्लक्ष करतो. एक हुशार, प्रेमळ, तळमळीचा डॉक्टर, ज्याचे औषध आता चालणार नाही हे त्याला सर्वांआधी ठाऊक होते, तो अखेरच्या घटकेस औषधाच्या शोधात बाहेर होता! त्याच्यापाशी प्रेमाची उणीव नव्हती. काहीही न करता नुसते बसून राहणे त्याला जमत नव्हते. गेथसेमनीच्या बागेत प्रभू येशूने शिष्यांकडे मागितले ते एवढेच की त्यांनी थांबावे व जागे राहावे. तेथे मित्र झोपी गेले. येथे मित्र औषधाला गेला. दोन्हीकडे एकटेपण तेच.

(५)

गेथसेमनीतील त्याच विनंतीवरून एका इंग्रज बाईंनी १९६५ सालच्या आपल्या एका लेखाला नाव दिले होते. त्या म्हणजे डॉ. सिसिली सॉन्डर्स. प्रथम परिचारिका, मग रुग्णालयातील समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर अशी त्यांची वाटचाल. डेव्हिड टास्मा हा पोलंडमधून आलेला ज्यू निर्वासित १९४८ साली लंडनमध्ये कर्करोगाने मरत होता. बाई त्याच्यापाशी बसत. त्याने मागे ५०० पौंड ठेवले, ते त्यांच्या भावी रुग्णाश्रयाची एक खिडकी होण्यासाठी. पुढे हॅकनी येथे कॅथलिक धर्मभगिनी चालवीत असलेल्या सेंट जोसेफ्स हॉस्पिसमध्ये त्यांनी काम केले आणि १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उभे राहिले. माणसाची वेदना शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक अशी एकत्र गुंफलेली असते, हा त्यांचा सिद्धान्त. त्यांनी आरंभ मात्र शरीरापासून केला. दुखणे परत उसळण्याची वाट न पाहता ठरलेल्या वेळी वेदनाशामक द्यायचे, हा त्यांचा शिरस्ता. कळा येत असलेल्या माणसाशी संवाद होऊ शकत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

हा तपशील साहित्यविचारात आणण्याचे कारण आहे. इव्हान इलिचच्या तीन दिवसांच्या किंकाळ्या कथेच्या कलात्मक रचनेला आवश्यक आहेत. आपल्या आईवडिलांच्या मरणाला त्या आवश्यक नाहीत. कथेतील वेदना आत्म्याला जागे करते, म्हणून खऱ्या वेदनेलाही तसेच पवित्र मानण्याचा मोह श्रद्धावंत वाचकाला होतो. 'दुःख प्रभूला अर्पण करा' हे वाक्य रुग्णाने स्वतः उच्चारले तर ती प्रार्थना असते. भेटायला आलेल्याने उच्चारले तर तो उपदेश होतो. वेदनाशामक औषधाने आयुष्य काहीसे कमी होण्याची शक्यता असली, तरी वेदना शमवण्याच्या हेतूने ते घेता येते, हे पोप पायस बारावे यांनी १९५७ सालीच स्पष्ट केले होते. वेदनाशमनाची शुश्रूषा ही निरपेक्ष प्रेमाची विशेष रीत आहे, असा १९९२ सालच्या 'कॅथलिक चर्चची धर्मशिकवण' या ग्रंथाचा अभिप्राय आहे.

आपल्या देशातही हे बी रुजले. वांद्र्याला १९८६ साली 'शांती आवेदना सदन' सुरू झाले. ते भारतातील पहिले हॉस्पिस मानले जाते. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदना टप्प्याटप्प्याने शमवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. कालिकत येथे १९९३ साली सुरू झालेल्या कामातून केरळात घरोघरी जाणाऱ्या स्वयंसेवकांची चळवळ उभी राहिली. पुण्यात १९९७ पासून कर्करुग्णांसाठी असे केंद्र चालते आहे. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यामुळे मॉर्फिन मिळणे दुरापास्त झाले होते. २०१४ साली त्यात दुरुस्ती झाली. या सर्व कामाच्या गाभ्याशी औषध आहे, तसाच एक बसलेला माणूसही आहे. रुग्णाला काय ठाऊक आहे आणि काय जाणून घ्यायचे आहे, हे तो आधी विचारतो, मग थांबतो, मग जेवढे विचारले जाईल तेवढेच, पण खरे, सांगतो. सत्य अंगावर फेकणे हाही क्रूरपणाच असतो, हे त्याला शिकवलेले असते. घरच्यांना तो वेगळे बोलावतो आणि त्यांनाही रडू देतो. टॉलस्टॉय यांनी न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते.

(६)

आता आपल्या स्वतःच्या लेखनाकडे वळू. मराठी ख्रिस्ती नियतकालिकांत मृत्यूवर विपुल मजकूर येतो, तो प्रामुख्याने श्रद्धांजलीच्या रूपाने. त्या लेखांचा एक साचा ठरून गेला आहे. दिवंगत व्यक्तीने दीर्घ आजार हसतमुखाने सोसलेला असतो, कुटुंबीयांनी सेवेत कसूर केलेली नसते आणि अखेर ती व्यक्ती शांतपणे प्रभूच्या कुशीत विसावलेली असते. यातील एकेक वाक्य खरे असू शकते. सर्वच मरणांबाबत सर्वच वाक्ये खरी असणे संभवत नाही. जी आई रात्रभर कण्हत होती, जिने 'देवा, मीच का?' असे विचारले, जी सुनेवर रागावली आणि पहाटे तिचाच हात धरून झोपली, ती या साच्यात मावत नाही. तिचे खरे मरण आपण तिच्यापासून हिरावून घेतो. शिवाय ज्या घरात आज असा आजारी माणूस आहे, त्या घराला हे लेख वाचून वाटते की आपलेच काहीतरी चुकते आहे. आपल्याच घरात शांती का नाही?

ईयोबाच्या ग्रंथात या साच्याला उत्तर आहे. तीन मित्र येतात, त्याची अवस्था पाहून रडतात आणि सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर एक शब्दही न बोलता बसतात. पुढे ते बोलू लागतात, धर्माला धरूनच बोलतात आणि अखेरीस देवाचा रोष ओढवून घेतात. तक्रार करणाऱ्या ईयोबावर नव्हे, देवाची बाजू मांडणाऱ्या मित्रांवर तो रोष होतो. बायबलने आपल्या पानांत तक्रारीला एवढी जागा दिली असताना आपली मराठी लेखणी तिला का वगळते?

आमची अपेक्षा मोठी नाही. आपल्या धर्मग्रामांत संत विन्सेंट द पॉल सोसायटीचे सभासद, धर्मभगिनी, आजारी माणसांना ख्रिस्तप्रसाद पोहोचवणारे सेवक वर्षानुवर्षे अशा खोल्यांत जातात. त्यांच्यापाशी जे साठले आहे ते कोणत्याही भाषांतरित ग्रंथात मिळणार नाही. नावे न घेता, कोणाचे गुपित न फोडता, साचा बाजूला ठेवून त्यांनी लिहावे : आजारी माणसाने काय विचारले, आपल्यापाशी उत्तर नव्हते तेव्हा आपण काय केले, कोणती प्रार्थना त्याला नको वाटली आणि कोणते गाणे हवेसे वाटले. असे लेखन झाले तर 'समुपदेशन' या शब्दातील उपदेश हळूहळू विरेल आणि 'सोबत' हा आपला जुना, घरगुती शब्द पुन्हा वर येईल. आजाऱ्याच्या सोबतीला राहणे यासाठी पदवी लागत नाही. आपल्या आजीपणजींना ते येत होते. वेदनाशमनाचे शास्त्र त्यांच्यापाशी नव्हते, ते आता आहे. दोन्ही एकत्र आणणे हे या पिढीचे काम.

टॉलस्टॉय यांची कथा आकाराने लहान आहे. एका बैठकीत वाचून होते. घरात कोणी अंथरुणाला खिळलेले असेल तर ती आताच वाचावी, असे आम्ही मुद्दाम सुचवतो. वाचून झाल्यावर आजाऱ्याच्या खोलीत जावे, दिवा बेताचा ठेवावा आणि पायथ्याशी बसावे. तो बोलला तर ऐकावे. त्याने विचारले तर खरे सांगावे. आणि तो गप्पच राहिला, तर पायांवरून हात फिरवीत आपणही गप्प राहावे. तिरडीला खांदा द्यायला माणसे मिळतात. आज मात्र त्या खोलीत आपणच आहोत.